मोबाईलमधले सोळा तास

कुंडलिक : मग सोळा तास कशावरनं म्हणालास तू?

गोरख : मोबाईलवरनं, आण्णा. ऑकलंड ते मुंबई टाकलं, तर बारा हजार किलोमीटर, विमानाला सोळा तास, असं आलं.

कुंडलिक : मोहनीला घर सोडून चोवीस तास झाले. कुठं हाय तुझी भन?

गोरख : सिंगापूरला. सरळ विमानच न्हाई ओ. तितं उतरायचं, नऊ तास बसायचं, मग दुसरं धरायचं. मोबाईल नुसती सरळ रेघ मारतोय.

कुंडलिक : राजगड हितनं केवढा जवळ दिसतो! मार रेघ आन जा सरळ. आपल्या शेरडास्नी बी एवढं कळतंय, गोरख.

गोरख : चुकलं माजं.

कुंडलिक : मग कवा पोचंल?

गोरख : मुंबईत मध्यरात्र उलटंल. तितनं गाडीनं पाच तास. उद्या सकाळी येईल घरी.

कुंडलिक : आन डाक्टरनं तुज्या आयला घरी सोडताना काय सांगितलं?

गोरख : आजचा दिवस, म्हणाले.

कुंडलिक : पहाटंपासनं दाराकडं बघतीया ती. मोहनी आली का, मोहनी आली का. म्या म्हणतोय, पुण्यात आली. मग म्हणलो, नसरापूरला आली. आत्ता मार्गासनीला आली म्हणून आलोय. फुडं आपलंच विंझर. आता कुठलं गाव सांगू रं तिला?

गोरख : आण्णा, एक सांगायचं राहिलंय. सोमवारी मोहनीनं इचारलं हुतं, दादा, निघू का? म्याच म्हणलो, सोळा तासांचं तर काम. कशाला रजा मोडतीस? गुरवारी बघू.

कुंडलिक : सोमवारी?

गोरख : व्हय.

कुंडलिक : म्हंजी कालच आयच्या उशाशी बसली असती.

गोरख : शिव्या द्या, मारा मला, आण्णा.

कुंडलिक : तुला मारून इमान लवकर येतंय व्हय? सर बाजूला. पाणी पाजतो तिला.

(कुंडलिक आत जातो. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन उंबऱ्यावर बसतो. गोरखचा मोबाईल वाजतो.)

गोरख : आण्णा, मोहनी हाय. काय सांगू?

कुंडलिक : उचल.

मोहिनी : दादा, ऐक, काउंटरवर हातापाया पडले रे मी! चेन्नईच्या विमानात एक जागा दिलीय, तिथून पुण्याचं विमान आहे. चार तास वाचतील. पण गेट लांब आहे, पळतेय मी, बॅग बिग राहू दे. चार तास वाचले तर आई भेटेल ना? दादा? बोल ना!

गोरख : मोहने...

कुंडलिक : आण हिकडं. मोहनी, म्या आण्णा बोलतोय.

मोहिनी : आण्णा, आईला सांगा, मी निघालेय!

कुंडलिक : सांगितलं, बाय. दारात आली म्हणलो मोहनी, चपला काढतीया. तशी हसली.

मोहिनी : हसली? मग?

कुंडलिक : मग डोळं मिटलं तिनं.

मोहिनी : मी पळतेय, आण्णा!

कुंडलिक : पळू नगं, बाय. सावकास ये. आता घाई न्हाई.