मधली सीट

सरस्वतीपुरमच्या थांब्यावर अंबूताई बोगादीच्या बसची वाट पाहत होत्या. पुढ्यातल्या इवल्याशा गाडीत एक तरुण बाप तिळ्यांसाठी मागे तीन बेबी सीट बसवत होता. बायको बाहेर उभी होती.

"अलका, बसल्या तिन्ही! दारंही लागली!"

"शाब्बास, हरिहर! चल, बाहेर ये."

"कुठून?"

"दारातून. थांब, मी उघडते."

"नको, नको! दार उघडलं की सीट बाहेर येते."

"मग डिकीतून ये."

"डिकीत बाबागाडी आहे."

"अरे, पाळणाघर बंद होईल! पुढच्या सीटवरून उडी मार."

"पाय अडकलाय."

"तू आहेस तरी नक्की कुठे?"

"मधल्या सीटमध्ये. पट्टासुद्धा लागलाय."

बस आली. अंबूताईंनी कंडक्टरला "होगप्पा, होगु," म्हणत हातानेच पुढे जायची खूण केली आणि त्या गाडीच्या आणखी जवळ सरकल्या.