कूज्यातला आवाज

सीतारामराव : आणि तुझ्या पुस्तकातला तो बोलणारा मासा! कावेरीतला मासा रेल्वेचं तिकीट काढून पापनाशमला जातो. कोण विश्वास ठेवील, नंदिता?

नंदिता : अप्पा, तुमच्या कथेत वानर समुद्र ओलांडतो.

सीतारामराव : तो रामाच्या नावानं ओलांडतो. तुझा मासा कुणाच्या नावानं बोलतो?

नंदिता : आवडला नाही तर तसं सांगा.

सीतारामराव : आवडला, तेच तर दुखतंय. दोनदा वाचला. पुढच्या हरिकथेत घालावा म्हटलं. पुढची कथा तरी कुठली म्हणा! केबल आल्यापासून मांडवात चार म्हातारे आणि त्यांच्या काठ्या. अकरा गोष्टी लिहिल्यास, त्यांतल्या दहा चांगल्या. तमिळ तर माझ्याहून गोड.

नंदिता : आणि अकरावी?

सीतारामराव : ती रविवारी पुस्तकाच्या प्रकाशनात वाचायची नाही. कॉलेजच्या हॉलात निम्मे लोक माझ्या कथा ऐकून म्हातारे झालेले. कुणी एक हरिदास बायकोचा आवाज पितळी कूज्यात कोंडून गावोगाव नेतो. झाकण उघडलं की वरचा षड्ज लागतो आणि शाल याच्या खांद्यावर पडते! तंजावुरात कूजा घेऊन कथेला कोण जायचं, हे लोकांना कळणार नाही?

नंदिता : तुमच्या कूज्यात मिऱ्यांचं पाणी असायचं. ते अम्मा भरायची. वरचा षड्जही तिचाच असायचा, पडद्यामागून.

सीतारामराव : आपल्या घरच्या बायका कथेच्या चौकीवर, लोकांपुढं, बसत नाहीत. माझ्या वडिलांचा नेम तो.

नंदिता : मागं कोण गातं, असं लोक विचारायचे. तुम्ही काय सांगायचात?

सीतारामराव : घरचीच आहे, म्हणायचो. खोटं होतं?

नंदिता : तिला नाव होतं, अप्पा. सरस्वती.

सीतारामराव : मला शिकवू नकोस. शेवटी मंगळाचं पद म्हटल्याशिवाय कथा सोडायची नाही, एवढं तरी तुला मी शिकवलं होतं. तुझी बाई मुकीच मरते, झाकण बंदच राहतं आणि गोष्ट संपते! ऐकणाऱ्यानं घरी काय न्यायचं?

नंदिता : मी या घरातून जे नेलं, तेच. रविवारी शेवटी अम्मानं मंगळ म्हणावं. पुढं बसून, पडद्याशिवाय. तेवढ्यासाठी मद्रासहून आलेय.

सीतारामराव : मग मी येत नाही. वडिलांशिवाय कर तुझा समारंभ.

(सरस्वती कॉफी घेऊन येते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हिरवी पट्टी.)

सरस्वती : घ्या. भांडण कुठं पळत नाही, कॉफी मात्र निवेल.

नंदिता : अम्मा, अप्पांनी पुस्तक वाचून दाखवलं ना तुला? कुठली गोष्ट आवडली?

सरस्वती : कूज्याची.

नंदिता : तीही वाचली? अप्पा?

सीतारामराव : साखर कमी आहे हिच्यात.

सरस्वती : शेवट ऐकून मला रडू आलं ग. म्हातारा भरल्या मांडवात झाकण उघडतो, बायकोला चौकीवर बसवतो, चुकलो म्हणून हात जोडतो. मग ती गाते.

नंदिता : अम्मा, मी असा शेवट...

सरस्वती : नाही लिहिलास. ठाऊक आहे.

सीतारामराव : कुणी सांगितलं तुला?

सरस्वती : तुम्हीच. पान उलटल्याचा आवाज केव्हाच थांबला होता आणि गोष्ट पुढं चालली होती. तीस वर्षं मागं बसून झील धरली. पोथी सोडून तुम्ही आपलं कुठं घालता, ते मला कळत नाही होय?

नंदिता : मग रविवारी गाशील?

सरस्वती : मला काय विचारतेस? कूजा यांच्याजवळ आहे.