चार नंबर गेटची नोंद

मी, मयताची थोरली वहिनी, वय ४४ वर्षे, धंदा कंत्राटी सफाई कामगार, राहणार बंदराच्या भिंतीमागची वस्ती, समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी नऊ वर्षं बंदरातल्या धान्याच्या गोदामात झाडलोट करते. धाकटा दीर जहाजावर कंटेनर बांधायच्या कामावर होता, तोही कंत्राटी. त्याला कामाला मीच लावलं. हेही लिहा.

एक नंबर गेट कायम कामगारांचं, चार नंबर आमचं. ज्या गेटने आत आलो त्याच गेटने बाहेर पडायचं, नाहीतर पास रद्द. दवाखाना एक नंबरच्या समोर, रस्ता ओलांडला की. चार नंबरने गेलं तर सगळ्या बंदराला वळसा पडतो.

काल सकाळी सव्वादहाला लोखंडी दांडा निसटून दिराच्या पोटावर बसला. निरोप आला तशी मी झाडू टाकून धावले. अँब्युलन्समध्ये त्याच्याजवळ मीच होते. ड्रायव्हरने गाडी सरळ एक नंबरला घातली. वॉचमनने पास बघितला आणि म्हणाला, "ताई, याची नोंद चारला आहे. इथून सोडलं तर माझी नोकरी जाईल." मी त्याच्या पाया पडले. त्याने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, नियम सगळ्यांना सारखाच. तेवढ्यात साहेबांचा डबा घेऊन आलेली गाडी आत गेली, तिला कोणी पास विचारला नाही.

मग गाडी वळवली. चार नंबरला मालट्रकांची रांग होती. दवाखान्यात अकरा वीसला पोचलो. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि चादर वर ओढली.

बंदराच्या कागदात लिहिलंय, दीर जागेवरच गेला. चार नंबरच्या रजिस्टरात मात्र तो अकरा पाचला बाहेर पडला, पास जमा. मेलेला माणूस पास जमा करतो होय?

तुम्ही वॉचमनला धरून आणलंय, तो बाहेर बाकावर बसलाय. त्याच्यावर माझी तक्रार नाही. तोही चार नंबरनेच ये-जा करतो. ज्याने हा नियम केला त्याच्यावर आहे. त्याचं नाव मला ठाऊक नाही, आमच्या गेटला तो कधी आलाच नाही.

हवालदार बाईंनी हे सगळं मला वाचून दाखवलं. एक गोष्ट राहिली होती, ती घातल्याशिवाय सही करणार नाही म्हटलं, म्हणून इथे लिहिली आहे. एक नंबर गेटवरच्या घड्याळात दहा पस्तीस झाले होते तेव्हा दीर जिवंत होता. "वहिनी, आला का दवाखाना?" असं त्याने विचारलं. मी आला म्हणाले. समोर दिसतच होता. आता जबाब बरोबर आहे.