एक लाख बारा हजार जणांनी पाहिलं

मृणाल : मावशी, तो व्हिडिओ आधी काढा. मग बोलू.

कालिंदी मावशी : काढू कशाला? अगो, एक लाख बारा हजार लोकांनी बघितलाय. सहा महिने माझ्या घरात राहतेस, पण एवढी मोठी हिरॉइन पोसतेय हे मला आज कळलं. आपल्या चाळीच्या पेजवर गणपतीच्या आरतीला तीनशे जण येतात, तेसुद्धा सगळे घरचेच.

मृणाल : शूटिंग नको, असं म्हणाले होते मी.

मावशी : हळदीकुंकवाला उखाणा घे म्हटलं की पहिल्यांदा सगळ्याच नको म्हणतात. लाजायचंच असतं तेव्हा.

मृणाल : मी लाजत नव्हते.

मावशी : किती गोड घेतलास पण. ‘नायगावच्या चाळीत तिळगुळाचा थाट, हितेंद्ररावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.’

मृणाल : परत नका म्हणू, मावशी. प्लीज.

मावशी : अगो, काय झालं? जहाजावरून मिस्टरांचा फोन आला काय? रागावले?

मृणाल : जहाजबिहाज काही नाही. तो नाशिकला असतो, त्याचं गाड्यांचं शोरूम आहे. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी त्याला सोडून आलेय. सोडून म्हणजे, पळून.

मावशी : पळून?

मृणाल : कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचा. त्या दिवशी गॅसवाला येणार म्हणून नाही लावलं. मी अंगावरच्या कपड्यांनी निघाले.

मावशी : आणि हे मनगट? लहानपणी मोडलं म्हणालीस.

मृणाल : मागच्या वर्षी. मी दारातून बाहेर पडत होते, त्याने दार ढकललं. मी हात काढत नव्हते, तो ढकलायचं थांबत नव्हता. नंतर जेवताना म्हणाला, पुढच्या वेळी मान मोडेल. आवाज पण चढवला नाही. भाजी वाढ म्हणावं तसं म्हणाला.

मावशी : आई गं. मग बाय माझे, उखाण्यात त्याचंच नाव कशाला घेतलंस? दुसरं कुठलंही ठोकून द्यायचं. कोण बघायला जातंय?

मृणाल : पंधरा बायका भोवती बसलेल्या. नाव घे, नाव घे. नाही घेतलं तर विचारणार का नाही घेत. तोंडात तेच आलं. नवऱ्याचं नाव खोटं घेता येतं हे सुचलंच नाही मला. नंबर बदलला, सगळी अकाउंट बंद केली, त्याला ब्लॉक केलं, आईलासुद्धा पत्ता नाही दिला. आणि त्याचं नाव, चाळीचं गाव, माझा चेहरा, सगळं एका दमात देऊन टाकलं.

मावशी : रडू नको. हा घे फोन. तूच काढ तो व्हिडिओ.

मृणाल : हे बाहेर पडलंय. परत लॉगिन करा म्हणतंय.

मावशी : काल ते काहीतरी अपडेट मागत होतं. मी हो म्हटलं. हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही ना मेलं.

मृणाल : पासवर्ड?

मावशी : तो माझ्या रघूला माहीत. पेज त्यानेच काढून दिलं, पुण्याला जायच्या आधी.

मृणाल : ‘विसरलात’ दाबते. आता हे बघा, सिग्नल असलेली चित्रं निवडा. मी माणूस आहे हे सिद्ध करायचंय.

मावशी : हा खांब धरायचा की नुसते दिवे?

मृणाल : चुकलं. आता जिने निवडा म्हणतंय.

मावशी : ही पण जाहिरात मध्येच आली, गुडघ्याच्या तेलाची. ती फुली कुठाय? दिसतच नाही.

मृणाल : मिळाली. झालं. कोड पाठवलाय म्हणे, शेवटी चौऱ्याऐंशी असलेल्या नंबरवर.

मावशी : तो पण रघूचाच. थांब, लावते... रघू, ऐक, आलेला कोड सांग. मीटिंग गेली खड्ड्यात. अरे मी फ्रॉड नाही, तुझी आई आहे. कोणाला सांगू नका असं लिहिलंय ते मला कळतं रे. सांग... सहा, शून्य, तीन, तीन, नऊ, एक. घातलास? उघडलं?

मृणाल : उघडलं. डिलीट. ‘नक्की का?’ विचारतंय. नक्की. गेला.

मावशी : सुटलो. बस आता, पाणी पी.

मृणाल : लोकांनी डाउनलोड केला असेल. मावशी, खाली कमेंट्स आलेल्या. त्यात काय काय होतं, आठवतं?

मावशी : कौतुक सगळं. साडी कुठून घेतली, नथ कुठली. मी एकेकाला उत्तर दिलं. लोक एवढ्या प्रेमाने लिहितात, गप्प कसं बसायचं?

मृणाल : कोणी पत्ता विचारला होता?

मावशी : ...एकीनं विचारलेलं. फुलाचा फोटो होता. ‘किती छान हळदीकुंकू, कुठली चाळ, आम्हीही येऊ वाणाला.’

मृणाल : आणि तुम्ही काय लिहिलंत?

मावशी : आपल्याकडे कोणी वाणाला येते म्हटलं तर नको म्हणतात काय गो?

मृणाल : काय लिहिलंत, मावशी?

मावशी : चाळीचा नंबर. दुसरा मजला, जिन्यातून डावीकडे, नळासमोरची खोली. रथसप्तमीपर्यंत कधीही या, दार उघडंच असतं.

मृणाल : तिचं नाव काय होतं?

मावशी : ऋता का काहीतरी.

मृणाल : माझी नणंद.

मावशी : देवा. मी माझ्या हाताने...

मृणाल : मेसेज बघते. तिने काही... इथे काहीच नाही. थांबा, ‘रिक्वेस्ट’ म्हणून वेगळं खाली लपवलेलं असतं. अनोळखी लोकांचे मेसेज तिकडे टाकतात, सांगतही नाहीत. हे बघा. तिचे पाच आहेत.

मावशी : वाच. चष्मा नाही माझ्याकडे.

मृणाल : ‘मावशी, ते उत्तर लगेच काढा. मला विचारायला दादानेच बसवलं होतं, शेजारी उभा होता.’ मग परत, ‘मावशी, प्लीज मेसेज बघा.’ मग, ‘वहिनीला सांगा, मी शपथ घेऊन सांगते, मला नव्हतं लिहायचं.’ मग नुसतं ‘मावशी’. आणि हा आज दुपारी बाराचा. ‘दादा निघाला.’

मावशी : आता किती वाजले?

मृणाल : सव्वापाच.

मावशी : ऊठ. शीव कोळीवाड्याला माझी बहीण आहे, तिच्याकडे जा. टॅक्सीने. मी पर्स आणते.

मृणाल : जिना एकच आहे.

मावशी : मग शेजारच्या नलूच्या खोलीत बस.

मृणाल : तो सगळी दारं वाजवेल. पोरांना फोटो दाखवेल. गोड बोलतो तो, कोणीही सांगेल. आणि उद्या? नोकरी परेलला, मी रोज त्याच रस्त्याने जाणार. मला खूप भीती वाटतेय, मावशी. पण परत पळाले तर पुढच्या गावातही असंच होईल.

मावशी : मग नको जाऊ. माझ्या मागे उभी राहा. सीमाला फोन लावते, तिसऱ्या खोलीतली, पोलिसात आहे ती... सीमा, कुठपर्यंत आलीस? दादर. घरी जाऊ नको, आधी माझ्याकडे ये. वर्दीतच ये. सांगते नंतर.

मृणाल : किती वेळ लागेल तिला?

मावशी : वीस मिनिटं म्हणाली. दार लोटते. कडी कुठाय ह्याची? कधी लावलीच नाही दिवसाउजेडी. बसली. बसली एकदाची.

(दारावर टकटक. दोनदा, सावकाश.)

मावशी : कोण?

हितेंद्र : नमस्कार मावशी. मी हितेंद्र. मृणालिनीला घ्यायला आलोय. तुम्ही पत्ता फार व्यवस्थित लिहिला होतात, एकदाही विचारावं लागलं नाही.

मावशी : इथे कोणी नाही.

हितेंद्र : बाहेर तिच्या चपला आहेत. मीच घेतल्यात त्या. मृणाल, व्हिडिओत बारीक दिसलीस. जेवत नाहीस का?

मावशी : बोलू नको तू. मी बोलते.

मृणाल : नाही, मावशी. हितेंद्र, मी येणार नाही.

हितेंद्र : बरं.

मृणाल : ऐकलंस ना? येणार नाही.

हितेंद्र : ऐकलं. मला घाई नाही. मी बसतो इथेच जिन्यात. कधीतरी दार उघडावंच लागेल ना.

मृणाल : गेला का? मावशी, फटीतून बघा ना.

मावशी : पायरीवर बसलाय. फोन काढलाय.

मृणाल : आता?

मावशी : आता काही नाही. तू माझा हात धर. बसू दे त्याला, सीमा त्याच जिन्याने वर येते.