फुकटातला चांद

दगडाबाई : फोटू झ्याक हाय, दादा. नाक त्याचाच, कान बी त्याचंच. पन चांद कुठं हाय?

बाबुराव : कसला चांद?

दगडाबाई : डोक्यावरचा. ह्या इथं, उजवे कोपऱ्यान. गोल चांद न खाली पान्याच्या तीन लाटा. शेजारचे विठ्ठलच्या फोटूला हाय, सखुबाईच्या सासऱ्याच्या फोटूला हाय. आमचे कोलीवाड्यान जो मेला त्याला तुमी चांद दिला. माजेच घोवाला का नाय?

(नौपाड्यातला प्रज्ञा फोटो स्टुडिओ, मे १९९८, सकाळचे साडेअकरा. मालक बाबुराव काउंटरवर, त्यांची लेक नीला कॉम्प्युटरपाशी, आणि मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून आलेली दगडाबाई स्टुलावर. पंखा चालू आहे, पण तो फक्त स्वतःलाच वारा घालतो.)

बाबुराव : नीला, या काय म्हणताहेत?

नीला : पप्पा, हळू बोला ना. तो चांद नाहीये. सॉफ्टवेअरच्या कंपनीचा शिक्का आहे.

बाबुराव : शिक्का?

नीला : आपण वर्षभर ती फुकटची नमुना आवृत्ती वापरत होतो ना, मासिकाबरोबर सीडीवर आलेली? तिच्यातून काहीही छापलं की कोपऱ्यात शिक्का येतो. बघणाऱ्याला कळावं, की यांनी विकत घेतलेलं नाही. मागच्या आठवड्यात तुम्ही पूर्ण आवृत्ती आणलीत, शिक्का गेला. सिंपल.

बाबुराव : आणि हे तू मला आज सांगतेस? मला वाटायचं, ते डिझाइन आहे.

नीला : कोळीवाड्याला पण तेच वाटलं.

दगडाबाई : काय कुजबुजताव? चांद संपला काय? संपला असंल तर तसा सांगा, उद्या येतंय. परवा त्याचा वर्सश्राद्ध हाय.

बाबुराव : दगडाबाई, ऐका. मी रोज सकाळी पंचशील घेतो. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. तेव्हा खरं काय ते सांगतो. तो चांद नव्हेच. आम्ही फोटो दुरुस्त करायचं फुकटचं साधन वापरत होतो, त्याची ती खूण. आता पूर्ण विकत घेतलं. आता फोटो स्वच्छ येतो.

दगडाबाई : म्हंजे फुकटच्यान चांद येतं, न इकतच्यान येत नाय?

बाबुराव : बरोबर.

दगडाबाई : तुमाला गंडवला, दादा.

बाबुराव : गंडवलं नाही हो, उलट—

दगडाबाई : मी म्हावरा इकतंय. फुकट वाटा दिला तर डोक्यासकट, न पैसं मोजलं तर बिनडोक्याचा, असा धंदा करनारी कोलीन कदी बघलीव? जा, परत करा त्यांना.

नीला : मावशी, त्यांच्याकडे तीन प्रकार असतात. नमुना, घरगुती आणि पूर्ण.

दगडाबाई : घरगुतीन चांद हाय?

नीला : नाही. घरगुतीत केक आणि फुगे आहेत. वाढदिवसाचे.

दगडाबाई : गोमाजीचे डोक्यावं फुगं? नको गो बाय.

बाबुराव : मी दोन महिने विचार करून पूर्ण निवडली. गोमाजींच्या कंपनीच्या ओळखपत्रावरून केलाय हा फोटो, आहे ना लक्षात? अंगात खाकी होती. तिथे पांढरा सदरा चढवला. कॉलर बघा, कशी धारदार बसलीय. नमुन्यात अशी बसत नाही.

दगडाबाई : कालर बघून कोन हार घालतं, दादा? तुमाला ठाव नाय काय झाला ता. खाडीन कंपन्यांचा पानी आयला, जाल्यान म्हावऱ्यापरीस चिखल जास्त. मंग त्यानं होडी इकली न माजिवड्याला कंपनीचे गेटवर वॉचमन लागला. बारा वरीस. कोलीवाडा बोलायचा, गोमाजी आता कोली नाय, शिपाय हाय. त्यो हसायचा. मना ऱ्हवायचा नाय, मी भांडायची. काल फोटू भित्तीला लावला. दीर आयला, नाथा. बघला न सगल्यांसमोर बोलला, ‘याला खाडीनं आपल्यान घेतलाच नाय, म्हनून चांद नाय.’ आता बोला. मी काय जवाब देऊ?

बाबुराव : नाथाला मी समजावतो. मी कोळीवाड्यात येतो, सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगतो.

नीला : पप्पा! एकेचाळीस घरं आहेत. एकेचाळीस भिंतींवर रोज त्या चांदाला गंध लागतं. तुम्ही जाऊन काय सांगणार? तुमच्या बापाच्या डोक्यावर फुकटेपणाचा शिक्का आहे?

बाबुराव : खरं ते खरं.

दगडाबाई : सांगा ना. कोन ऐकनार? मनाच बोलतील, हिला चांद मिलला नाय, म्हनून फोटूवाल्याला शिकवून आनलाय.

नीला : मावशी, एक आयडिया. नवीन आवृत्तीत मी तसाच चांद काढून देते. लाटा पण. पाहिजे तर थोडा मोठा.

दगडाबाई : काढलेला नको. आपसूक उमटला पायजे. विठ्ठलच्या फोटूवं तू काढलावतास?

नीला : नाही. तो आपोआपच यायचा.

दगडाबाई : मंग? विठ्ठलला आपसूक, न माजे मानसाला हातानं काढलेला? त्यापरीस नसलेला बरा.

बाबुराव : आता काय करायचं हो या बाईचं!

नीला : करता येईल, पप्पा. पण पूर्ण आवृत्ती मशीनमधून काढावी लागेल. दोघी एका घरात नांदत नाहीत.

बाबुराव : विकतचं काढून फुकटचं टाकायचं? अख्ख्या ठाण्यात कोणी केलं नसेल असं.

नीला : आणि नमुना तीसच दिवस चालतो.

बाबुराव : तीस? आपण तर वर्षभर चालवला.

नीला : मी कॉम्प्युटरची तारीख मागे न्यायचे. दर महिन्याला. त्याला वाटायचं, आज पहिलाच दिवस आहे.

बाबुराव : नीला! माझ्या दुकानात बसून तू यंत्राशी खोटं बोलत होतीस?

नीला : यंत्राने कधी विचारलंच नाही.

बाबुराव : बस. हे बंद. दगडाबाई, मला माफ करा. दुसरं काहीही सांगा, फ्रेम बदलून देतो, फोटो मोठा करून देतो. पण हे माझ्याच्याने होणार नाही.

दगडाबाई : कनची तारीख गो?

नीला : काय, मावशी?

दगडाबाई : मागं नेतेस ती.

नीला : सीडी पहिल्यांदा टाकली ती. सव्वीस एप्रिल, सत्त्याण्णव. शनिवार.

दगडाबाई : गेले सालचा एप्रिल?

नीला : हो.

दगडाबाई : मंग तवा हाय त्यो.

बाबुराव : दगडाबाई...

दगडाबाई : मे मैन्यान गेला ना त्यो. एप्रिलान हाय. शनवार म्हंजे सकालची पाली. सातला निंगाला असंल. खोकला व्हता, मी बोलले आज ऱ्हा घरी, तर बोलला, ‘गेट कोन उघडंल?’ जसा काय त्याचेच घराचा गेट.

बाबुराव : नीला.

नीला : हां, पप्पा.

बाबुराव : पूर्ण काढून टाक.

नीला : नक्की? परत घालायला सगळ्या फ्लॉप्या पहिल्यापासून घालाव्या लागतील. पूर्ण दिवस जाईल.

बाबुराव : जाऊ दे. नमुना टाक, तारीख मागे ने. आणि यंत्राने विचारलंच, तर माझं नाव सांग.

दगडाबाई : तुमचा चौथा मोडंल ना, दादा.

बाबुराव : उद्या सकाळी परत घेईन. बसा तुम्ही, चहा सांगतो. वेळ लागेल.

नीला : ... झालं. प्रिंटर चालू केला. मावशी, या इकडे. वरून येतंय बघा. पहिला कोपराच आला.

दगडाबाई : चांद! आन लाटा. एक, दोन, तीन. तिन्ही हायत. जीव भांड्यान परला माजा. आता येऊ दे नाथ्याला. भित्तीसमोर उभा करून इचारतंय, कोनाला घेतला नाय खाडीनं?

बाबुराव : कॉलर मात्र वाकडी आलीय.

दगडाबाई : त्याची कदी सरल व्हती?

नीला : पप्पा, मी तारीख परत आजची करून टाकते. नाहीतर विसरायला होईल.

दगडाबाई : थांब गो. वाजलं किती?

नीला : साडेबारा.

दगडाबाई : साडेबाराला त्यो डबा सोडतं. गेटवर, बाकड्याव बसून. सुक्या बोंबलाची चटनी दिलीय.

बाबुराव : राहू दे, नीला. जेवण होऊ दे त्यांचं.