म्हातारीजवळ बांधलेला घोडा

आमच्या आबांना वाटायचं, मोठ्यांजवळ बसवलं की कुणीही शहाणं होतं. मी संगमनेरचं कॉलेज सोडून घरी बसलो होतो, तेव्हाची गोष्ट. आबा लग्नाला घोडी द्यायचे. ती म्हातारी झाली, म्हणून त्यांनी घोडेगावच्या बाजारातून एक तरणा घोडा आणला आणि तिच्याशेजारी बांधला.

"तिचं बघून शिकंल," मला म्हणाले. "तुझ्यावानी न्हाई त्यो."

घोडी लबाड होती. घोड्याला दाखवायला आबा रोज तिच्यावर खोगीर चढवायचे, की ती लंगडायची. मग आबा हळहळून खोगीर उतरवायचे आणि तिला हिरवा घास टाकायचे. घोडा शेजारून बघत असायचा.

पुढं पाटलाच्या पोराचं लग्न आलं. आबांनी चारचौघांत घोड्याचा शब्द दिलेला. नवरदेव बाशिंग बांधून उभा, वाजंत्री सुरू. आबांनी खोगीर चढवलं आणि घोडा लंगडायला लागला. खुरात ना काटा, ना खडा. खोगीर काढलं की चाल सरळ. शेवटी नवरदेव मारुतीला पायीच गेला.

"कुनी शिकवलं ह्ये याला?" आबा सगळ्यांदेखत माझ्यावरच खेकसले.

मी म्हणालो, "कुनी न्हाई, आबा. मोठ्यांचं बघून शिकला."