फणी, बेचकी, फुली, शिडी

जबाब देणार: सूर्यभान किसन गजभारे, वय 69 वर्षे, धंदा: सेवानिवृत्त (शिलालेखांचे ठसे काढण्याची नोकरी), राहणार नामपल्ली, हैदराबाद, मूळ जिल्हा नांदेड.

ठाण्यातून निरोप आल्यावरून मी आज सकाळी अकरा वाजता स्वतः येऊन सांगतो की, मला तेलुगू येते, पण हे मला माझ्या भाषेत सांगायचे आहे. शिपाई प्रणिता मॅडम घरी मराठी बोलतात, लिहिताना अडखळतात, म्हणून सावकाश सांगतो.

सिकंदराबादचे हिम्मतराव वसमतकर यांच्या ओसरीत एक फुटका संगमरवरी दगड होता. त्यांचे वडील मिलिटरीत डॉक्टर होते, त्यांनी तो लढाईच्या काळात ग्रीसमधून आणला. त्यावर तिकडची जुनी अक्षरे आहेत. मागच्या महिन्यात तो चोरीस गेला आणि अफझलगंजच्या एका दगडवाल्याकडे सापडला. तो म्हणतो, दगड माझाच. मला बघून म्हणाला, “चचा, पत्थर पे तुम्हारे साब का नाम लिखा है क्या?” नाव होते, पण ते दोन हजार वर्षांपूर्वीचे, आणि तेही तुटून गेलेले.

जानेवारी 1989 मध्ये आमच्या साहेबांनी मला त्या दगडाचा ठसा काढायला पाठवले. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, वरून शाईची गादी फिरवायची. कोरलेले तेवढे पांढरे राहते. मला ती भाषा येत नाही, पण अक्षरे हाताला पाठ आहेत. आकारावरून मी त्यांना नावे दिली होती: शेवटच्या ओळीत फणी, बेचकी, फुली, शिडी, पुढे दगड फुटका. फणीच्या मधल्या दाताला टवका आहे.

दुपारी माझी पत्नी पार्वतीबाई डबा घेऊन आली. लग्नाला आठ महिने झाले होते. “हे काय हो?” म्हणत तिने शाईच्या गादीला हात लावला. तेवढ्यात वाऱ्याने कागदाची कड उचलली. मी ओरडलो, “अगं धर, धर!” तिने धरली आणि तिचा पंजा उमटला. मी म्हणालो, “वाट लावलीस सरकारी कागदाची!” तर ती पोट धरून हसत सुटली. हिम्मतरावही हसले. मी रागावलोच होतो, पण संध्याकाळी तिला नुमाईशच्या प्रदर्शनाला नेले.

साहेबांनी दुसरा ठसा काढून घेतला. तो छापायला परगावी गेला, परत आला नाही. पहिला फेकून दे म्हणाले होते. मी फेकला नाही, घरी ठेवला. हा गुन्हा असेल तर तसे लिहा.

साहेबांनी वाचून सांगितले होते, कुण्या आईने लेकरासाठी बोललेला नवस फेडून हा दगड वाहिला, बाईचे नाव मात्र फुटलेल्या भागात गेले. आम्ही बौद्ध, नवस करत नाही. पार्वतीबाई एवढेच म्हणाली, “बिचारीचं नाव गेलं की हो.”

पार्वतीबाई 2021 साली वारली. दवाखान्यात मला आत सोडले नाही. तिचा हात म्हणून घरात एवढाच आहे. मी अधूनमधून त्यावर हात ठेवतो. मॅडम म्हणाल्या, काका, हे केसला लागत नाही. तरी लिहा.

आज ठसा दगडाशी लावला. फणीचा टवका जुळला. ठाण्याचे मोठे साहेब म्हणाले, ठसा मुद्देमाल म्हणून जमा करावा लागेल, निकालाला किती वर्षे लागतील सांगता येत नाही. हिम्मतराव म्हणाले, “नक्को देऊ सूर्यभान. दगड गेला तर जाऊ दे.” माझाही जीव होत नव्हता. पण त्या बाईचे नाव गेले, आता दगडही जाऊ दे म्हटले असते तर पार्वतीबाईने मला सोडले नसते. मी ठसा दिला.

ठशाच्या उजव्या कडेचा पंजा लेखाचा भाग नाही. तो पार्वतीबाई सूर्यभान गजभारे हिचा आहे. पावतीवर तसे लिहावे, पूर्ण नावानिशी.

हा जबाब प्रणिता मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन जागी अडखळल्या, पण मजकूर मी सांगितला तसाच आणि खरा आहे. अंगठ्यासाठी त्यांनी शाईची गादी पुढे केली. मला सही येते. पावतीवर तिचे नाव लिहिलेले पाहिले, मग सही केली.